जमिनीखालची इंधन टाकी सांभाळणाऱ्यांचं प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोल पंपावर गिऱ्हाइकाला दिसतं ते नोझल आणि मीटर. पंपाचा सगळा जीव मात्र फरशीखाली पुरलेल्या टाक्यांत असतो. त्या टाक्या सांभाळायला कुणाला, काय आणि किती शिकवायचं, हे पंपमालक, मॅनेजर आणि शिफ्टवरची मुलं-मुली वारंवार विचारतात. खालची उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या पंपांना धरून आहेत. तुमच्या तेल कंपनीची लेखी सूचना यापेक्षा कडक असेल, तर ती पाळा.

टाकीचं प्रशिक्षण पंपावर नेमकं कुणाला द्यायचं? मॅनेजरला दिलं की भागतं ना?

भागत नाही. ज्याच्या हातात डिपरॉड (टाकीतल्या इंधनाची उंची मोजायची खुणांची काठी; ती सोडून मोजणं म्हणजे ‘डिप’) येतो, जो टँकर खाली करून घेतो, जो रात्रपाळीला चाव्या सांभाळतो, त्या प्रत्येकाला हे यायला हवं. बऱ्याच पंपांवर मॅनेजरला सगळं येतं आणि बाकीच्यांना ‘ते मॅनेजर बघतात’ एवढंच येतं. टँकर मॅनेजरची ड्युटी बघून येत नाही. गळती, आग, पाणी शिरणं या गोष्टीही वेळ विचारून होत नाहीत. त्या क्षणी जो हजर असेल तोच टाकीचा खरा चालक, आणि शिकवायचं ते त्याला.

मालकानेही शिकलं पाहिजे, पण त्याचा धडा वेगळा. पंप त्याचा असतो, त्यामुळे कोणत्या गोष्टीसाठी कुणाची परवानगी लागते, कोणते कागद जिवंत ठेवायचे आणि विक्री कधी थांबवायची, हे त्याला मॅनेजरवर ढकलता येत नाही.

‘टाकी ऑपरेटर’ म्हणून सरकारी परीक्षा किंवा परवाना असतो का?

भारतात पंपावरच्या माणसासाठी असा वेगळा परवाना नाही. परवाना जागेला आणि साठ्याला मिळतो. पेट्रोलियम नियमांची अपेक्षा एवढी की ही कामं अनुभवी, जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली व्हावीत. १८ वर्षांखालच्या मुलांना किंवा नशेतल्या माणसाला अशा जागी कामाला ठेवता येत नाही. प्रत्यक्ष शिकवण्याचं काम तेल कंपन्या आणि डीलर करतात, आणि ते किती मनापासून होतं यात पंपापंपाला फरक पडतो.

अमेरिकेत हे कायद्याने बांधलेलं आहे. तिथे १९८४ साली जमिनीखालच्या टाक्यांसाठी केंद्रीय कायदा झाला आणि २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने टाकी चालकांचं (ऑपरेटरांचं) प्रशिक्षण सक्तीचं केलं. चालकांचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग आहेत. ए वर्गाकडे कायदेशीर जबाबदारीचा एकूण भार असतो, बी वर्ग रोजची देखभाल आणि तपासण्या बघतो. सी वर्ग म्हणजे काउंटरवरचा किंवा ड्युटीवरचा माणूस, ज्याने अलार्म वाजला किंवा इंधन सांडलं तर पहिली हालचाल करायची. ए आणि बी वर्गातल्या माणसाला जबाबदारी घेतल्यापासून ३० दिवसांत प्रशिक्षण पुरं करावं लागतं, पण सी वर्गातल्या माणसाला कामावर उभं राहण्याआधीच. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला सगळ्यात आधी शिकवा, असं ती सांगते. आपल्याकडे कायदा मागत नाही म्हणून ती पाळू नये असं थोडंच आहे?

मी न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये किंवा कॅलिफोर्नियात गॅस स्टेशन (तिथला पेट्रोल पंप) घेतोय. भारतातला अनुभव चालेल का?

अनुभव कामाला येईल, प्रमाणपत्र मात्र तिथलंच लागेल. केंद्रीय नियम सगळीकडे सारखे असले तरी अंमलबजावणी राज्यांकडे असते आणि राज्याराज्यांत फरक आहे. कॅलिफोर्नियात नेमलेल्या चालकाला वेगळी परीक्षा द्यावी लागते. केंद्रीय नियमांनुसार गळतीचा संशय आला की २४ तासांत कळवायचं. सांडण रोखणाऱ्या बादल्या आणि गळती शोधणारी यंत्रणा यांची पाहणी साधारणपणे दर ३० दिवसांनी करून नोंद ठेवायची. इथे ‘संशय’ हा शब्द नीट लक्षात घ्या, कारण खात्री पटेपर्यंत थांबायची मुभा तिथे नाही. स्टेशन घेण्याआधी आपल्या राज्याच्या पर्यावरण खात्याची यादी बघून मान्य असलेलाच कोर्स करा.

आपल्याकडे कोणते कायदे आणि कोणती ऑफिसं लागू होतात?

पाया आहे तो पेट्रोलियम कायदा, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांचा. परवाना देते ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. जुने डीलर अजूनही ‘एक्स्प्लोझिव्हचं लायसन्स’ म्हणतात ते हेच. पंपासाठीचा परवाना नमुना १४ मध्ये मिळतो. त्याआधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मंजूर नकाशात टाकी, पाइप, व्हेंट (टाकीतली वाफ बाहेर सोडणारा पाइप), डिस्पेन्सिंग युनिट (गाडीत इंधन भरणारं यंत्र) जिथे दाखवलंय तिथेच ते हवं. ‘थोडं सरकवलं’ हा सुद्धा बदल असतो आणि त्याला आधी मंजुरी लागते.

मापाचं काम वैधमापन शास्त्र विभागाकडे असतं. इंधनाचा दर्जा आणि भेसळ यांसाठी जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा २००५ चा आदेश आहे. त्याशिवाय तेल कंपन्यांची मार्केटिंग डिसिप्लिन गाइडलाइन्स आहे, जिला पंपावर सगळे ‘एमडीजी’ म्हणतात. सुरक्षेच्या तांत्रिक बाजूसाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं २२५ क्रमांकाचं मानक पेट्रोल पंपांसाठीच आहे. नव्या पंपाच्या जागेबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचना शाळा, दवाखाने आणि वस्तीपासूनचं अंतर बघतात.

शिफ्टवरच्या मुलाला ही नावं पाठ नसली तरी चालेल. तपासणीला आलेला माणूस कोणत्या खात्याचा आहे, हे ओळखपत्र बघून विचारायचं धाडस मात्र त्याला यायला हवं.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय शिकवायचं?

आधी वाफ समजावून सांगा. पेट्रोल जळतं ते वाफेच्या रूपात, आणि उणे ४० अंशांच्या आसपासही ते पेटण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतही पेट्रोल कायम ‘तयार’ असतं. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, गटारात, खड्ड्यात, मॅनहोलच्या चेंबरमध्ये साचते, आणि बरीच लांब असलेली ठिणगीही तिला पुरते. डिझेलचं तसं नाही. कायद्यात पेट्रोल ‘अ’ वर्गात येतं, कारण त्याचा ज्वलनांक, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटायला लागते ते तापमान, २३ अंशांच्या खाली आहे. डिझेल येतं ‘ब’ वर्गात. पण एकाच टँकरच्या एका कप्प्यात पेट्रोल आणि दुसऱ्यात डिझेल असेल, तर सगळा टँकर पेट्रोलचाच समजून वागायचं.

मग त्याला पंपावर फिरवा. कुठली टाकी कशाची, भरण्याची तोंडं कुठे, व्हेंट पाइप कुठे, मेन स्विच कुठे, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक सिलिंडर कुठे. परत येऊन त्याच्याकडूनच सगळं बोटाने दाखवून घ्या. वही-पेन दुसऱ्या दिवशी.

ऑटोमेशन आहे, स्क्रीनवर साठा दिसतो. मग डिप कशाला मारायचा?

यंत्रावर नजर ठेवायला दुसरं काहीतरी हवं, म्हणून. प्रोबचा (टाकीतल्या मोजणाऱ्या दांड्याचा) तरंगता भाग अडकतो, वीज जाते, सेटिंगमध्ये चुकीचा चार्ट (डिपवरून लिटर सांगणारा तक्ता) भरलेला असतो. हाताने मारलेला डिप आणि स्क्रीनवरचा आकडा रोज शेजारी शेजारी लिहिला, तर यंत्र कधी बिघडलं ते त्याच दिवशी कळतं.

डिप शिकवताना टाकीचा आकारही शिकवा. टाकी आडव्या नळकांड्यासारखी असते, त्यामुळे प्रत्येक सेंटिमीटरमागे सारखं इंधन नसतं. समजा २० हजार लिटरची टाकी आहे आणि तिचा व्यास २ मीटर. बरोबर मध्यावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे १२७ लिटर. तळापासून १० सेंटिमीटरवर तोच १ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम ५५ लिटर. मध्यावर डिप वाचताना दोन मिलिमीटरची चूक झाली की २५ लिटर हवेत गेले किंवा हवेतून आले. हा हिशोब कळला की मुलं डिपरॉड पुसून, सरळ सोडून, तळाला आपटू न देता, रॉडला लावलेल्या, इंधन लागताच रंग बदलणाऱ्या पेस्टवरची रेघ डोळ्यासमोर धरून वाचायला लागतात. सांगावं लागत नाही.

रॉड पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा, ठिणगी न पडणारा आणि कंपनीने दिलेलाच वापरा. घासून टोक झिजलेला रॉड खोटं बोलतो, म्हणून तो अधूनमधून नव्या रॉडशी लावून बघा. चार्ट त्याच टाकीचा हवा, शेजारच्या टाकीचा चालत नाही.

टँकर खाली करताना क्रम काय असावा?

प्रशिक्षणातला सगळ्यात मोठा वेळ इथेच द्यावा, कारण एरवी बंद असलेलं इंधन आणि मोकळी हवा इथे समोरासमोर येतात.

टँकर सपाट जागी, तोंड बाहेर जाण्याच्या दिशेने उभा करा. इंजिन बंद, हँडब्रेक, चाकांखाली ठोकळे. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपणार नाही, तो वाल्व्हपाशी थांबेल. भोवती दोरी किंवा कोन लावून दुचाकीवाल्यांचा शॉर्टकट बंद करा. दोन अग्निशामक सिलिंडर कोपऱ्यातून आणून टँकरशेजारी ठेवा. मग अर्थिंग, म्हणजे टँकर तारेने जमिनीशी जोडणं. क्लॅम्प रंगावर न लावता उघड्या धातूवर लावा. अर्थिंग सगळ्यात आधी लागते आणि सगळ्यात शेवटी निघते. प्रवासात इंधन हिंदकळून स्थिर वीज साचलेली असते, त्यामुळे अर्थिंग केल्यावर साधारण १० मिनिटं थांबून मगच झाकण उघडायचं. या १० मिनिटांत कुलपं आणि सील यांचे नंबर चलनाशी ताडून बघा, म्हणजे वेळही वाया जात नाही.

त्यानंतर टँकरचा डिप, पाण्याची तपासणी, नमुना, डेन्सिटी (घनता). आता आपल्या टाकीचा डिप घ्या आणि तिच्यात जागा किती आहे ते काढा. जागा सुरक्षित भरणीच्या खुणेपर्यंतची धरायची, टाकीच्या पूर्ण मापाची नाही. १२ हजार लिटरचा टँकर आणि जागा ११,५०० ची असेल, तर उरलेले ५०० लिटर कुठे जाणार याचं उत्तर होस लावायच्या आधी मिळालं पाहिजे. होस लावण्याआधी भरण्याच्या तोंडावरचं नाव मोठ्याने वाचायची सवय लावा. पेट्रोलच्या टाकीत डिझेल सोडल्याचे प्रकार घाईतून आणि अंधारातूनच होतात, आणि मग दोन्ही इंधनं वाया.

त्या टाकीवरची विक्री बंद ठेवा. होस जोडल्यावर वाल्व्ह हळू उघडा. पहिले काही क्षण जोडाशी वाकून बघा, ठिबकतंय का, वास वाढतोय का. सगळं उतरेपर्यंत एक माणूस तिथेच उभा राहील, चहासाठीसुद्धा हलणार नाही. संपल्यावर कप्पा रिकामा झाला का ते वरून बघा, होस निथळवा, झाकणं लावा, अर्थिंग काढा. टाकी स्थिरावल्यावर डिप.

ड्रायव्हर ‘चला साहेब, लवकर सोडा, पुढचा पंप वाट बघतोय’ म्हणणारच. त्याचीही नोकरी आहे, त्याच्यावर ओरडू नका, पाणी द्या. क्रम मात्र सोडू नका. आणि नायलॉनचा चकाकता शर्ट घालून या कामाला कुणी येऊ नये, सुती गणवेश उगाच दिलेला नसतो.

डेन्सिटी जुळली नाही तर?

हायड्रोमीटरने डेन्सिटी आणि थर्मामीटरने तापमान एकाच वेळी वाचा, आणि तक्त्यावरून १५ अंशांची डेन्सिटी काढा. चलनावरची डेन्सिटीही १५ अंशांचीच असते. दोन्हींत घनमीटरमागे ३ किलोपर्यंतचा फरक चालतो. चलनावर ७४५ आहे आणि तुमची ७४६ आली, तर ठीक. ७४९ आली, तर एकदा नव्याने नमुना घेऊन मोजा, कारण घाईत थर्मामीटर वर उचलून वाचला तरी आकडा बिघडतो. तरीही ७४९ असेल, तर खाली करू नका, कंपनीला फोन करा आणि टँकर तसाच उभा ठेवा. एकदा का इंधन टाकीत उतरलं, की भेसळ टँकरमध्ये होती की तुमच्या टाकीत, हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात येतं. नमुन्यांचे डबे आणि त्यांची सीलं कंपनीच्या सूचनेप्रमाणे जपा.

रोज थोडी तूट येते. काळजी कधी करायची?

थोडी वाढ-घट येणारच, त्यामागची कारणं माहीत हवीत. एका दिवसाचा हिशोब असा मांडा. सकाळचा साठा ८,४२० लिटर, टँकर १२,००० चा, मीटरप्रमाणे विक्री ६,३१०, त्यात मापाच्या चाचणीला काढून परत टाकीत ओतलेले २० लिटर. म्हणजे रात्री १४,१३० हवेत. डिपवरून आले १४,०८५. तूट ४५ लिटर.

मे महिन्यातला दिवस असेल, तर या ४५ लिटरने घाबरायचं कारण नाही. उन्हात तापलेला टँकर थंड जमिनीतल्या टाकीत उतरला की पेट्रोल आकसतं, एका अंशाला साधारण हजारात एक या प्रमाणात. १२ हजार लिटर ५ अंशांनी थंड झाले की ६० लिटर कमी भरतात, आणि ते गळालेले नसतात.

काळजी करायची ती एकाच बाजूला झुकणाऱ्या ओळीची. टँकर आलेला नाही, तरी सोमवारी १८ कमी, मंगळवारी २२, बुधवारी १९, गुरुवारी २४ असं दिसलं, की उष्णता आणि डिपच्या चुका यांचा खुलासा संपला. डिपची चूक कधी इकडे, कधी तिकडे जाते, गळती मात्र नेहमी एकाच बाजूला. मग बघा, तूट विक्री बंद असताना रात्रीही होते का? होत असेल तर टाकीवर संशय. फक्त विक्री चालू असताना होत असेल तर पाइपलाइनवर, जोडांवर किंवा मीटरवर. टाकीतच बसवलेला सबमर्सिबल पंप असेल तर पाइपमधलं इंधन दाबाखाली असतं आणि बारीक भेगेतूनही जोरात बाहेर पडतं. जुन्या, ओढून घेणाऱ्या पंपाच्या लाइनला भेग पडली तर ती उलट हवा आत खेचते, आणि नोझल धक्के देत चालतं. शिफ्टवरच्या मुलांना हे धक्के सगळ्यात आधी जाणवतात. त्यांना ते बोलून दाखवायची सवय लावा.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. बऱ्याच ठिकाणी रजिस्टर ‘जुळवून’ लिहिलं जातं. डिप आला १४,०८५, वहीत पडले १४,१२०, कारण तूट दिसली की मॅनेजर ओरडतो. असं जुळवलेलं रजिस्टर असलेल्या पंपाला गळती कळायचा मार्गच उरत नाही. महागडं ऑटोमेशनही मग उपयोगाचं नाही, कारण त्याच्याशी ताडून बघायला खरा आकडाच नाही. ज्या मुलाने अवघड आकडा जसाच्या तसा लिहिला, त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या. हजार सूचनांनी होत नाही ते काम एवढ्याने होतं.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून पाण्याचा एवढा बाऊ का?

आधी पेट्रोलच्या टाकीत थोडं पाणी गेलं तर ते तळाशी वेगळं बसायचं, आणि पाणी दाखवणाऱ्या पेस्टवर रंग बदललेला दिसायचा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषतं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी उतरतं. खाली पाणी-इथेनॉलचा थर, वर इथेनॉल गमावलेलं आणि ऑक्टेन घटलेलं पेट्रोल. पंपाची नळी तळाजवळूनच ओढते, त्यामुळे पहिला फटका बसतो तो गिऱ्हाइकाच्या गाडीला. हे दोन थर ढवळून परत एक होत नाहीत, तो सगळा साठा कंपनीलाच काढावा लागतो.

म्हणून पेट्रोलच्या टाकीत पाणी ‘शून्य’ हवं. जुनी पेस्ट या मिश्र थरावर नीट रंग बदलत नाही, तेव्हा इथेनॉलसाठीची वेगळी पेस्ट मागवा आणि डब्यावरची मुदत बघा. डिझेलमध्ये हा प्रश्न नाही, पण पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून गाळ होतो आणि फिल्टर तुंबतात.

पावसाळ्याआधी काय करावं? पूर आला तर?

मे अखेरीला भरण्याच्या तोंडांची झाकणं, त्यांचे रबरी वॉशर, डिप पाइपची टोपी आणि मॅनहोल चेंबरची झाकणं बघून घ्या. आपल्याकडे पाणी सहसा टाकी फुटून येत नाही, वीस-तीस रुपयांचा वॉशर कुजून येतं. जून ते सप्टेंबर दिवसातून दोनदा पाणी तपासा, आणि मोठी सर पडून गेल्यावर न चुकता.

पुराचं वेगळं आहे. २०१९ ला सांगली-कोल्हापूरने आणि जुलै २०२१ ला चिपळूणने पाणी काय करतं ते बघितलं. नदीकाठच्या किंवा खाडीजवळच्या पंपावर प्रत्येकाला हे माहीत हवं की रिकामी टाकी तरंगते. २० हजार लिटरची रिकामी टाकी पाण्याखाली गेली की तिला वर ढकलणारं बळ सुमारे २० टनांचं असतं. पट्टे किंवा काँक्रीटची पकड कमकुवत असेल तर ती फरशी फोडून वर येते आणि पाइप तोडते. म्हणून इशारा मिळताच साठा कमी करण्याऐवजी कंपनीशी बोलून टाक्या भरून ठेवण्याकडे कल असावा. झाकणं घट्ट, वाल्व्ह बंद, मेन स्विच बंद, रजिस्टर आणि परवाने उंचावर, आणि माणसं आधीच घरी. पाणी ओसरल्यावर गिऱ्हाइकांनी रांग लावली तरी पाणी, डेन्सिटी आणि वायरिंग तपासून झाल्याशिवाय एक थेंब विकू नका.

टाकी साफ करायला आमचा माणूस आत उतरला तर चालेल का? दोनच मिनिटांचं काम असतं.

नाही. कुठल्याही कारणाने, कितीही मिनिटांसाठी नाही.

रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. भरलेल्या टाकीत वाफेला हवा कमी मिळते, रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा पेटायला हव्या त्या प्रमाणात मिसळतात. तळाशी वाफ साचलेली असते, तिथे प्राणवायू कमी. उतरलेल्या माणसाला आधी गरगरतं, मग हातपाय गळतात, आणि शिडी समोर असून चढता येत नाही. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही, कारण रुमाल प्राणवायू तयार करत नाही. मग वरचा माणूस त्याला काढायला उडी मारतो आणि तोही तिथेच पडतो. बंदिस्त टाक्यांच्या अपघातात दुसरा मृत्यू बहुधा असा, सोबत्याला वाचवायला धावलेल्याचा असतो. प्रशिक्षणात हे स्पष्ट शब्दांत सांगा. आत पडलेला माणूस सख्खा भाऊ असला तरी उतरायचं नाही. अग्निशमन दलाला बोलवायचं, वरून हवा सोडता येत असेल तर सोडायची, दोराने बांधलेला असेल तर वर ओढायचं.

हे काम कंपनीने मान्य केलेल्या कंत्राटदाराचंच. टाकी रिकामी करणं, पाइप तोडून वेगळे करणं, वाफ काढून टाकणं, गॅस मीटरने मोजणं, सक्षम व्यक्तीचं वायुमुक्त (आत पेटणारी वाफ उरली नाही असं सांगणारं) प्रमाणपत्र, उतरणाऱ्याला पट्टा-दोर आणि श्वसनयंत्र, वर सतत उभा असलेला माणूस, एवढं झाल्यावर मगच माणूस आत. जुन्या टाकीवर गॅस कटर किंवा वेल्डिंग चालवायलाही वायुमुक्त प्रमाणपत्र लागतं. भंगारवाल्याला टाकी ‘तशीच’ देऊ नका. त्याच्या माणसाचाही जीव आहे.

गळतीची शंका आली, किंवा शेजारच्या विहिरीला वास येतोय. पहिल्यांदा काय?

विक्री थांबवा आणि गाड्या ढकलत बाहेर काढा, स्टार्ट करून नव्हे. वीज मेन स्विचवरून बंद करा, पण तो स्विच वासाच्या पट्ट्यात असेल तर त्याला हात लावू नका, कारण बटण बंद करतानाही ठिणगी पडते. वारा जिकडून येतो त्या बाजूला माणसं न्या. १०१ किंवा ११२ वर फोन, मग कंपनीला, मग मालकाला. सांडलेलं इंधन पाण्याने गटारात लोटू नका, वाळू टाका. गटारातून ते कुणाच्या तळघरात निघेल ते सांगता येत नाही.

विहिरीला किंवा बोअरला वास येत असेल, तर ते पाणी पिणं तिथल्या तिथे थांबवायला शेजाऱ्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, आणि ते कर्करोगाला कारण ठरतं. बदनामीच्या भीतीने दोन दिवस गप्प बसणं म्हणजे त्या घरातल्या लेकरांना ते पाणी पाजणं आहे. आग किंवा स्फोट होऊन जीवितहानी किंवा गंभीर इजा झाली, तर पेट्रोलियम कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जवळचं पोलीस ठाणे किंवा दंडाधिकारी आणि मुख्य स्फोटके नियंत्रक यांना लगेच कळवावं लागतं.

पाच लिटरच्या मापाचा टाकीशी काय संबंध?

मीटर चुकला की साठ्याचा हिशोबही चुकतो. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. गिऱ्हाइकाने माप मागितलं तर हसून द्या, तो त्याचा हक्क आहे. फरक जास्त निघाला तर ते नोझल बंद करा. सील स्वतः तोडू नका, दुरुस्तीनंतर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो.

आमचा पंप नाही, पण सोसायटीच्या किंवा हॉस्पिटलच्या जनरेटरसाठी डिझेलची टाकी आहे. आम्हाला हे लागू आहे का?

एकूण डिझेल २,५०० लिटरपर्यंत असेल आणि कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर पेट्रोलियम कायद्याखाली साठ्याचा परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो, मग टाकी तळघरात असो की अंगणात पुरलेली. अशा टाक्यांकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही आणि वीज गेल्यावर गाळाने जनरेटर बंद पडतो. महिन्याला डिप, पाण्याची तपासणी आणि नाव ठरवलेल्या एका माणसाकडे जबाबदारी, एवढं तरी कराच.

आमची निम्मी मुलं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची आहेत. प्रशिक्षण कोणत्या भाषेत?

ज्या भाषेत ती आगीच्या वेळी ओरडतील, त्या भाषेत. इंग्रजी पोस्टर भिंतीला शोभा देतं. हिंदीत, मराठीत, चित्रांनी, आणि मुख्य म्हणजे हाताने करून घेऊन शिकवा. सही घेण्याआधी ‘आता तू मला शिकव’ म्हणा. ज्याला शिकवता येतं, त्याला आलेलं असतं. मुली नोझलवर उत्तम काम करतात, पण डिप आणि टँकरच्या कामापासून त्यांना अजूनही लांब ठेवलं जातं. याला काही कारण नाही.

एकदा शिकवलं की पुन्हा किती दिवसांनी?

नवा माणूस उभा राहण्याआधी, नवं यंत्र किंवा नवं इंधन आलं की, कुठलीही चूक झाली की, आणि तसं काही झालं नाही तरी वर्षातून एकदा. आगीचा सराव त्यापेक्षा जास्त वेळा, आणि त्यात सिलिंडर प्रत्यक्ष चालवू द्या. मुदत संपत आलेले सिलिंडर परत भरायला देण्याआधी सरावाला वापरता येतात.

शिकलेला माणूस नोकरी सोडून जातो आणि सगळं त्याच्याबरोबर जातं. उपाय?

प्रत्येक टाकीची एक फाइल करा. त्यात मंजूर नकाशाची प्रत, टाकीचा चार्ट, कुठला पाइप कुठून जातो, कधी काय दुरुस्त झालं, कुठला वॉशर कधी बदलला, परवान्याची मुदत कोणत्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते. जाणाऱ्या माणसाने येणाऱ्याबरोबर किमान एक टँकर एकत्र खाली करावा आणि फाइलवर दोघांच्या सह्या व्हाव्यात. फाइल मालकाच्या कपाटात कुलपात न ठेवता शिफ्टच्या टेबलावर ठेवा, रात्री दोन वाजताही हात घातला की मिळेल अशी.